वीस बाइट्सची फाइल आणि भोसरीतले गुरुवार

५ मे २०२५, सोमवार. दुपारी जेवणाचा डबा नुकताच बंद केला होता आणि अकाउंट्सच्या ताईंचा फोन आला, "अगं, एप्रिलची एक जर्नल एन्ट्री उडली बघ माझ्या हातून, कालच्या बॅकअपमधून काढून देशील?" मी म्हटलं देते की, त्यात काय एवढं. एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडली, रोज रात्री २ वाजताची फाइल, तारखेप्रमाणे ओळीने लावलेली, एका रात्रीचा खाडा नाही. साइजच्या कॉलममध्ये २० दिसलं तर मला आधी वाटलं २० जीबी, एरवी फाइल २२ जीबीच्या आसपास असायची म्हणून. मग चष्मा पुसून बघितलं. २० बाइट्स.

झालं असं होतं की मार्चएन्डच्या गडबडीत ईआरपीवाल्यांनी (कंपनीचे हिशेब, स्टॉक ज्यात चालतं ते सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी) डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मला सांगायचं राहिलं. डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल, घेणारी कमांड रोज रात्री पासवर्डवर आपटून मरत होती, पण तिचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचा माल दुसरीकडे नेणारी जोडणी) जीझिपकडे, म्हणजे फाइल दाबून छोटी करणाऱ्या प्रोग्रामकडे, जायचं आणि जीझिपला काहीही दिलं नाही तरी तो इमानेइतबारे २० बाइट्सची रिकामी फाइल बनवून ठेवतो. पाइपमधली शेवटची कमांड नीट संपली की शेल (या कमांड चालवणारं) म्हणतं सगळं छान आहे. त्यामुळे ना एरर, ना मेल. ३० मार्च ते ५ मे, ३७ रात्री आमच्या कंपनीकडे बॅकअप नव्हता आणि मी दर सोमवारी रजिस्टरमध्ये 'बॅकअप ओके' लिहून सही करत होते, कारण मी फक्त फाइल आहे का एवढंच बघायचे. (तुमची पण अशीच शेल स्क्रिप्ट असेल तर सगळ्यात वर पाइपफेल, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड मेली तरी एरर देणारं सेटिंग, चालू करा आणि फाइलची साइज तपासणारी एक ओळ टाका, आत्ताच, बाकीचं नंतर वाचा.)

त्या रात्री झोप लागली नाही हे खरं आहे. ताईंनी एन्ट्री व्हाउचरवरून परत टाकली, विषय त्यांच्यापुरता संपला. माझ्यापुरता तिथे सुरू झाला आणि १७ जुलैला कुठे संपला. मधल्या अडीच महिन्यांत बॅकअपचं नवीन सॉफ्टवेअर प्रत्यक्ष बसवायला लागली वीस मिनिटं. बाकी सगळं सर्व्हर त्या वीस मिनिटांसाठी तयार करण्यात गेलं, आणि नेटवर जे लेख सापडतात त्यात हा भाग 'प्रीरिक्विझिट्स' म्हणून चार ओळींत उरकलेला असतो, म्हणून हे लिहितेय.

आधी आमचं काय काय आहे ते सांगते. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणारी छोटी कंपनी, मी आयटी इंचार्ज, म्हणजे प्रिंटरमधल्या कागदापासून पंचिंग मशीनपर्यंत सगळं माझ्याकडे. डेटाबेसचा सर्व्हर उबंटू २२.०४ या लिनक्सवर, डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १५, डेटा १८० जीबी कारण ड्रॉइंगचे स्कॅनसुद्धा कोणीतरी डेटाबेसमध्येच कोंबलेत, आणि तो सगळा २४० जीबीच्या एका एसएसडीवर. हा २४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

दोन-तीन रात्री घरी बसून वाचलं. पोस्टग्रेससाठी फुकट आणि नावाजलेले दोन पर्याय दिसले, पीजीबॅकरेस्ट आणि बारमन. दोन्ही ओपन सोर्स, दोन्हींत रोजचा नुसता डंप नाही तर पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरच्या वॉल फाइली साठवतात. वॉल म्हणजे डेटाबेस प्रत्येक बदल आधी जिथे लिहून ठेवतो ती वही समजा, एकेक पान १६ एमबीचं. पूर्ण बॅकअप आणि ही पानं असली की सकाळी ११:४० ला कोणी काही उडवलं तर ११:३९ ची अवस्था परत आणता येते. मी बारमन घेतलं, कारण त्यात वेगळा बॅकअप सर्व्हर स्वतः डेटाबेसला फोन लावून माल ओढून नेतो आणि डेटाबेसच्या मशीनवर जवळपास काही बसवावं लागत नाही. ईआरपीवाले त्यांच्या मशीनला हात लावू देत नाहीत, त्यामुळे हेच सोयीचं होतं. पीजीबॅकरेस्ट वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये.

साहेबांना एक पानी नोट दिली. साहेबांनी 'सॉफ्टवेअर : मोफत' एवढंच वाचलं आणि म्हणाले, "मग करून टाक ना." खाली डिस्कचा खर्च लिहिला होता तो दाखवल्यावर म्हणाले, "इंडेंट टाक."

इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, टाकायचा तर किती डिस्क हा प्रश्न. इथे अंदाजाने बोलू नका, मोजा. मी आठवडाभर रोज सकाळी ९ ला आणि दुसऱ्या दिवशी ९ ला पोस्टग्रेसला विचारलं की तू वॉलच्या कुठल्या ठिकाणी आहेस आणि दोन्हींची वजाबाकी केली, साधी एक ओळीची क्वेरी आहे. दिवसाला सरासरी ६ जीबी आलं. मला मागच्या दोन आठवड्यांतल्या कुठल्याही क्षणी जाता यायला हवं होतं, दर आठवड्याला एक पूर्ण बॅकअप, तर एका वेळी चार पूर्ण बॅकअप तरी पडून राहणार, कारण दोन आठवड्यांपूर्वीच्या क्षणाला जायचं तर त्याच्या आधीचा बॅकअप हातात लागतो. १८० चोक ७२०, आणि २१ दिवसांचं वॉल १२६, म्हणजे साडेआठशे जीबी. वाढीसकट २ टीबी पुरलं असतं, पण परत इंडेंट टाकायची ताकद माझ्यात नाही म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क मागितल्या, दोन्हींवर सारखीच कॉपी.

मशीन नवीन घ्यायचं नव्हतं, डिझाइन डिपार्टमेंटचं एक जुनं टॉवर स्टोअरमध्ये धूळ खात होतं, १६ जीबी रॅमवालं. पण ते डिझाइनच्या नावावर! त्याच्यावर अ‍ॅसेट नंबरचा स्टिकर, आणि अकाउंट्सच्या मते ते मशीन माझ्या टेबलाखाली आणायला 'अ‍ॅसेट ट्रान्सफर नोट' हवी, दोन्ही डिपार्टमेंट हेडच्या सह्यांची. आयटीची हेड मीच, त्यामुळे एक सही लगेच झाली. दुसरी सही करणारे साहेब आठवडाभर कस्टमरकडे. तोपर्यंत मशीन स्टोअरमध्येच होतं आणि स्टोअरचे काका म्हणाले, "मॅडम, इथेच बसा की चालू करून, हलवायचं नाही एवढंच लिहिलंय ना?" काकांनी स्टूल दिलं. मी चार दिवस बेअरिंगच्या खोक्यांमध्ये बसून उबंटू टाकलं.

परचेसला तीन कोटेशन लागतात. दोन दिवसांत दोन आली, तिसरं येईना, शेवटी मीच शनिवारी टिळक रोडला जाऊन एका दुकानदाराकडून लेटरहेडवर लिहून आणलं. त्याला पण माहीत होतं की तो तिसरा आहे. पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, निघाली ३० मेला, डिस्क आल्या १० जूनला. एक डिस्क १०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ११,८००. गेटवर सिक्युरिटीने दोन्हींचे सीरियल नंबर इनवर्ड रजिस्टरला लिहिले, आणि तेव्हा मी वैतागले होते पण तो आकडा नंतर वॉरंटीसाठी फोटो काढून ठेवला, तुम्हीपण ठेवा.

आता गुरुवारचं सांगते. भोसरीत आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. लाइनची मेंटेनन्सची कामंही गुरुवारीच निघतात. म्हणजे सर्व्हर बंद-चालू करायला शांत दिवस एकच, आणि लाइटचा भरवसा नसलेला दिवसही तोच. सुट्टीच्या दिवशी आत यायला वेगळा परवानगी फॉर्म, एचआरची सही, त्यावर 'कामाचे स्वरूप' या रकान्यात जेमतेम तीन शब्दांची जागा. मी दर वेळी 'सर्व्हरचे काम' लिहिलं.

पहिला गुरुवार, १२ जून. स्वारगेटहून मेट्रोने नाशिक फाटा, तिथून रिक्षा, बॅगेत डिस्क आणि स्क्रू ड्रायव्हर. मशीन चालू केलं तर तारीख १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवरची गोल बॅटरी मेलेली. बॅकअपमध्ये सगळा खेळ वेळेचा, 'अमुक वाजताची अवस्था दे' असं सांगायचं तर दोन्ही घड्याळं जुळली पाहिजेत. चौकातल्या घड्याळवाल्याकडून ५० रुपयांत बॅटरी आणली. मग क्रोनी बसवलं, इंटरनेटवरून वेळ जुळवतं ते, पण ते वेळ आणू शकेना कारण फायरवॉलमध्ये १२३ नंबरचा पोर्ट बंद, आणि फायरवॉल चाकणच्या प्लांटमधून सांभाळतात. मेल टाकला. उत्तर सोमवारी.

त्याच दिवशी अजून एक घोटाळा निस्तरला. सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, होता. समजा रात्री २ चा बॅकअप लावला असता तर तो आपल्या सकाळी साडेसातला चालू झाला असता, पहिली शिफ्ट ७ ला येते तेव्हा! टाइमझोन एशिया-कोलकाता केला, आणि त्यानंतर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम, रीस्टार्ट करायला विसरू नका, तो जुन्याच घड्याळावर चालत राहतो.

डिस्क लावताना दोन गोष्टी. एक, नवीन डिस्क लावल्या की जुन्यांची नावं सरकतात, काल जी ए होती ती आज बी होते, म्हणून एफस्टॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, म्हणजे माउंट करायची, ती यादी) नावाने नाही तर यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, माउंट करा. दोन, बारमन आपलं सगळं व्हार-लिब-बारमन या फोल्डरमध्ये ठेवतं, तर मोठी डिस्क तिथे माउंट करायची ती बारमन बसवायच्या आधी. नंतर केली तर बसवताना तयार झालेल्या फाइली माउंटच्या खाली झाकल्या जातात, आणि फोल्डरचा मालक रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य यूजर, होऊन बसतो, मग बारमनला स्वतःच्याच घरात लिहिता येत नाही. आणखी एक युक्ती मला फार आवडली, माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने कुलूप लावून ठेवायचं, म्हणजे कधी डिस्क माउंट झालीच नाही तर बॅकअप गुपचूप छोट्या सिस्टिम डिस्कवर पडून ती भरण्याऐवजी सरळ एरर येते. ३७ रात्रींनंतर मला एररबद्दल प्रेमच वाटायला लागलंय.

दोन्ही डिस्क आरशासारख्या जोडल्या, पहिली जुळणी व्हायला जवळजवळ नऊ तास लागतात, ती चालू ठेवून घरी आले.

इकडे डेटाबेसच्या मशीनचं वेगळंच चाललं होतं. बारमनला वॉल ओढायला डेटाबेसची वॉल लेव्हल, म्हणजे त्या वहीत किती तपशील लिहायचा ते सेटिंग, 'रेप्लिका' असावी लागते. पोस्टग्रेसमध्ये मुळात तीच असते, पण आमच्या ईआरपीवाल्यांनी कधीकाळी डेटा भराभर भरायला ती 'मिनिमल' केलेली आणि तशीच सोडलेली. बदलायची तर पोस्टग्रेस रीस्टार्ट. रीस्टार्ट करायचा तर ईआरपीवाल्यांची परवानगी, नाहीतर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, रद्द. ९ मेला मेल केला होता. पहिलं उत्तर, "हे एएमसीत बसत नाही." दुसरं उत्तर, "आमचा इंजिनिअर हजर हवा, व्हिजिट चार्ज ३,५०० अधिक जीएसटी." तिसरं उत्तर १४ जूनला, "कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह लिहून द्या की काही झाल्यास जबाबदारी तुमची." दिलं. साहेब सही करताना माझ्याकडे बघून म्हणाले, "काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "साहेब, पाच मेपासून आपल्याकडे रोज फक्त माझा हाताने घेतलेला डंप आहे, होऊ नये म्हणूनच चाललंय." सही झाली.

१९ जूनचा गुरुवार ठरला. आदल्या संध्याकाळी त्यांच्या इंजिनिअरचा फोन, "मॅडम, मी निगडीला राहतो, उद्या तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला, रस्ते बंद, पुढच्या गुरुवारी येतो." आता पालखीपुढे कोण काय बोलणार. दुसऱ्या दिवशी दोन्ही पालख्या पुण्यात, मग शुक्रवारी मीच रजा टाकली आणि संचेतीपाशी उभी राहून दर्शन घेतलं.

वाया गेलेल्या त्या गुरुवारी मी तिसऱ्या मशीनकडे वळले. रिस्टोअर करून बघायला एक साधा डेस्कटॉप ठेवला होता, टेस्ट सर्व्हर म्हणूया. बारमन रिस्टोअर करताना त्या मशीनवर पोस्टग्रेस यूजरने एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीने, शिरतं, पासवर्डशिवाय, किल्लीने. किल्ली बनवली, पलीकडे टाकली, तरी पासवर्ड मागतंय. परत बनवली. परत तेच. किल्लीच्या फाइलची परवानगी ६००, फोल्डरची ७००, म्हणजे दोन्ही फक्त मालकाला उघडी, सगळं पुस्तकाप्रमाणे. दीड तास. शेवटी पलीकडच्या मशीनचा ऑथ लॉग उघडला तर त्यात स्वच्छ लिहिलंय की पोस्टग्रेसच्या होम डिरेक्टरीची परवानगी वाईट आहे म्हणून नकार. मागे कधीतरी घाईत त्या फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, दिलेलं. कोणी दिलेलं? मीच. काही अडलं की ७७७ मारायची माझी जुनी खोड. एसएसएचचं म्हणणं असं की ज्या घराला सगळ्यांना दार उघडं आहे त्या घरातल्या किल्लीवर मी विश्वास ठेवत नाही, आणि ते तुमच्याकडच्या स्क्रीनवर काही बोलत नाही, फक्त पलीकडच्या लॉगमध्ये लिहून ठेवतं. तर अडलात की आधी पलीकडचा लॉग.

२६ जून, गुरुवार. इंजिनिअर साडेदहाला आला, चहा झाला. वॉल लेव्हल बदलली, वॉल सेंडर, म्हणजे वॉल बाहेर पाठवणारे प्रोग्राम, शून्य होते ते १० केले, रीस्टार्ट दिला. किती वेळ लागला सांगू? ११ सेकंद. ४८ दिवस वाट बघितलेले ११ सेकंद. इंजिनिअरने सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतली आणि गेला.

मग दोन यूजर बनवले, एक बारमनच्या कामकाजासाठी आणि एक फक्त रेप्लिकेशनसाठी, म्हणजे डेटा ओढून नेण्यासाठी. पीजी एचबीए फाइलमध्ये, म्हणजे कोणाला कुठून येऊ द्यायचं त्या यादीत, बॅकअप सर्व्हरच्या आयपीसाठी दोन ओळी लागतात. मी 'ऑल' लिहून एकच टाकली होती आणि अडकले, कारण त्या यादीत 'ऑल' म्हणजे सगळे डेटाबेस पण रेप्लिकेशन नाही, त्याची ओळ वेगळीच लिहावी लागते. आयपी स्टॅटिक करून घ्या, नाहीतर राउटर कधी दुसरा नंबर देईल आणि दार बंद होईल. पासवर्ड पीजीपास फाइलमध्ये, परवानगी ६००, त्याहून सैल असली तर पोस्टग्रेस ती फाइल वाचतच नाही. (बघा, परत परवानगी. माणसांच्या परवानग्या मिळायला वेळ लागला म्हणून मी फायलींच्या परवानग्या सढळ हाताने वाटत होते आणि दोन्हीकडे मार खाल्ला.)

आणि मग ती वीस मिनिटं. बारमन बसलं, त्याची छोटी कॉन्फिग लिहिली, 'बारमन चेक' चालवलं. हिरव्या ओके-ओके ओळींमध्ये तीन फेल्ड. एक, पीजी रिसीव्ह एक्सलॉग, म्हणजे वॉल ओढणारा प्रोग्राम, जुळत नाही, कारण उबंटू २२.०४ आपल्याकडून पोस्टग्रेसचं १४ चं क्लायंट देतं आणि आमचा डेटाबेस १५. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून १५ चं क्लायंट घातलं, कॉन्फिगमध्ये त्याचा पाथ दिला, गेलं. दोन, वॉल आर्काइव्ह फेल्ड, 'वॉल शिपिंग नीट लावा' वगैरे. याला घाबरू नका, पहिलं पान अजून आलेलं नसतं एवढंच, बारमनला स्विच-वॉल, म्हणजे चालू पान मिटून पुढचं उघडणं, जबरदस्तीने करायला सांगितलं की एक पान येतं आणि ओके होतं. तीन, किमान एक बॅकअप हवा, आहेत शून्य. ते तर खरंच होतं.

पहिला बॅकअप दुपारी पावणेदोनला लावला. १८० जीबी, तासाभरात होईल असा हिशेब. साडेतीनला बघते तर निम्मासुद्धा नाही. सेकंदाला ११ एमबीच येतंय. ११ म्हटल्यावर डोक्यात आलं, ही तर शंभर मेगाबिटची लाइन! नेटवर्कचा वेग दाखवणाऱ्या ईथटूलने बघितलं, खरंच १००. स्विच हजारवाला, कार्ड हजारवालं, मधली केबल कधीकाळी कोणीतरी चारच तारा धरून क्रिम्प केलेली. हजारला आठही तारा लागतात. तो बॅकअप सव्वासहाला संपला, मी सिक्युरिटीला सातपर्यंतची परवानगी आहे असं सांगून बसले होते, फॉर्मवर सहा लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून कॅट सिक्सची वायर आणि कनेक्टर आणले, ९०० रुपये. पुढचा बॅकअप ४० मिनिटांत.

इथे मी साहेबांना 'झालं' म्हणून सांगितलं. चूक.

३ जुलैच्या गुरुवारी लाइट गेली. डेटाबेसचा यूपीएस धड होता, बॅकअप सर्व्हर ज्याच्यावर होता त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या. बॅकअप सर्व्हर पडला, लाइट आली तरी उठला नाही, कारण बायोसमध्ये 'लाइट आल्यावर आपोआप चालू हो' हे सेटिंग बंद होतं. शुक्रवार ते रविवार मी रजेवर, सासूबाईंची आषाढी. बारमन वॉल ओढायला पोस्टग्रेसमध्ये एक स्लॉट राखून ठेवतं, त्याचा अर्थ डेटाबेसला सांगून ठेवलेलं असतं की बॅकअपवाल्याने नेल्याशिवाय एकही पान फेकायचं नाही. डेटाबेस शब्दाचा पक्का. चार दिवस त्याने एक पान फेकलं नाही. त्यात महिन्याची सुरुवात, एन्ट्र्यांचा पाऊस. सोमवारी ७ जुलैला सकाळी आले तर त्या २४० जीबीच्या एसएसडीवर २७ जीबी वॉल साठलेलं आणि डिस्क ९७ टक्के. शंभर झाली असती तर पोस्टग्रेस बंद पडलं असतं आणि कारखान्याचं डिस्पॅच थांबलं असतं, बॅकअपच्या सोयीमुळे! हातपाय गार पडले. बॅकअप सर्व्हर चालू केला, पंधरा मिनिटांत त्याने सगळं ओढून घेतलं, मी तेवढा वेळ डिस्कचा आकडा खाली येताना नुसती बघत बसले.

त्याच दिवशी स्लॉटसाठी किती वॉल राखायचं याची मर्यादा १५ जीबी लावली. पोस्टग्रेस १३ पासून हे सेटिंग आहे, मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज, रीस्टार्ट लागत नाही. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होतो, नवीन बनवून पूर्ण बॅकअप परत घ्यावा लागतो, पण कारखाना चालू राहतो. मला वाटतं हे सेटिंग पहिल्या दिवशीच लावायला हवं. बायोसचं सेटिंग चालू केलं, यूपीएसच्या दोन बॅटऱ्या बदलल्या, २,३०० रुपये, यावेळी साहेबांनी कोटेशन मागितलं नाही. आणि डिस्क ८० टक्के झाली की मला मेसेज येईल अशी स्क्रिप्ट.

एकूण खर्च लिहायचा तर डिस्क २३,६००, गोल बॅटरी ५०, केबल ९००, यूपीएसच्या बॅटऱ्या २,३००, ईआरपीची व्हिजिट जीएसटीसकट ४,१३०. मिळून ३०,९८०. माझे रिक्षाचे पैसे व्हाउचर न दिल्यामुळे गेले.

राहिलं रिस्टोअर. १७ जुलै, गुरुवार. टेस्ट मशीनवर बारमनला सांगितलं, १६ जुलै, दुपारी ४ ची अवस्था दे, शेवटी अधिक साडेपाच तास लिहून, म्हणजे टाइमझोनचा घोळ नको. डेटा आला, पोस्टग्रेस उठेना. कारण शोधायला पाऊण तास, उबंटूवर पोस्टग्रेसच्या कॉन्फिगच्या फाइली डेटाच्या फोल्डरमध्ये नसतात, ईटीसी नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या असतात, आणि हा बॅकअप फक्त डेटाचं फोल्डर उचलतो. मूळ सर्व्हरवरून त्या हाताने आणल्या, आता रोज रात्री त्यांची वेगळी कॉपी होते. टेस्ट मशीनवर पोस्टग्रेस १५ च लागतं हेही ध्यानात ठेवा, १४ किंवा १६ वर हा डेटा उघडत नाही.

संध्याकाळी पाचला उठलं. ईआरपीची एक कॉपी त्याला जोडली, लॉगिन झालं. पण बरोबर आलंय हे कशावरून? टेबलमधल्या ओळी मोजल्या, जुळल्या, तरी समाधान होईना. स्टोअरचे काका त्या दिवशी स्टॉक मोजायला सुट्टीचे आलेले. त्यांच्याकडे चलनाचं छापील पुस्तक असतं, हाताने लिहिलेलं, ईआरपी आली तरी त्यांनी ते सोडलं नाही. त्यांना म्हटलं, काका, काल चारच्या आधीचं शेवटचं चलन कुठलं? त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, नंबर वाचला. मी स्क्रीनवर तोच नंबर उघडून दाखवला. पार्टीचं नाव, गाडी नंबर, नग, सगळं एकेक ओळ बोटाने ताडून बघितलं त्यांनी.

"बरोबर आहे," म्हणाले. मग स्क्रीनजवळ वाकले. "पण ह्याच्यात रेट चुकलाय बघा मॅडम. म्हणजे काल चुकला होता तसाच आलाय. मी अकाउंट्सला सांगितलंय, उद्या दुरुस्त करतील."